लिथियम-गंधक बॅटरीचं आयुष्य: सायकलींचा आकडा मोजलाय कशावर?

चिमटेवाला (फोंडा)

लिथियम-गंधक बॅटरी हजारो सायकली (एकदा चार्ज आणि डिस्चार्ज म्हणजे एक सायकल) टिकते अशी बातमी अधूनमधून येते, मग ती दुकानात का दिसत नाही, असं व्यनितून इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच धागा काढलेला बरा. मी याच बॅटऱ्यांवर प्रयोगशाळेत काम करतो, फोंड्याकडे. संस्था कुठली ते विचारू नये. इथे मी माझी मतं लिहिणार आहे आणि माझे गाइडही मराठी वाचतात.

आधी मोह कशाचा ते सांगतो. एक ग्रॅम गंधक कागदावर १६७५ मिलिअँपिअर-तास विद्युतभार धरतो. आजच्या फोन-स्कूटरमधल्या कॅथोडची, म्हणजे धन बाजूच्या पदार्थाची, मजल दीडशे-दोनशेपर्यंत. गंधकाचं व्होल्टेज कमी, सरासरी २.१ च्या आसपास, तरी लिथियमशी जोडी लावली की सैद्धांतिक ऊर्जा किलोमागे साधारण २६०० वॉट-तास निघते. प्रत्यक्ष बनवलेले चांगले पाउच, म्हणजे चपट्या पाकिटातले, सेल ३००-४०० देतात. चांगला लिथियम-आयन २५०-३०० ला दमतो. शिवाय गंधक म्हणजे तेलशुद्धीकरणातून ढिगाने निघणारा माल. निकेल नको, कोबाल्ट नको.

आता मरते कशी ते. गंधकाचा रेणू म्हणजे आठ अणूंचं कडं. डिस्चार्ज सुरू झाला की लिथियम ते कडं फोडतं आणि साखळ्या होतात: आठाची, सहाची, चाराची. या लांब साखळ्या, म्हणजे पॉलिसल्फाइडं, नेहमीच्या इथरच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या द्रवात, मजेत विरघळतात. विरघळल्यावर कॅथोडपाशी कशाला थांबतील? सेपरेटर, म्हणजे मधला पडदा, ओलांडून समोरच्या लिथियमकडे जातात, तिथे आखूड होऊन परततात, चार्जिंगमध्ये पुन्हा लांब होतात, पुन्हा निघतात. याला शटल म्हणतात. चार्जर वीज ओततोय आणि सेल काही भरत नाही. डिस्चार्जची शेवटची पायरी लिथियम सल्फाइडची. ते विरघळत नाही, वीजही वाहू देत नाही. जिथे बसलं तिथे बसलं. शिवाय कॅथोडमधला गंधक पूर्ण डिस्चार्जला जवळजवळ ८० टक्के फुगतो आणि चार्जिंगला आकसतो, दर सायकलीला.

शटल थोपवायला लोकांनी काय केलं नाही! २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नाझर यांच्या गटाने सूक्ष्म नळ्यांच्या जाळीसारख्या कार्बनमध्ये गंधक भरून दाखवला आणि हा विषय पुन्हा पेटला. २०१२ मध्ये टेक्सासला अरुमुगम मंथिराम यांच्या गटाने कॅथोड आणि सेपरेटरच्या मध्ये कार्बनचा एक थर घालून पळणारी पॉलिसल्फाइडं तिथेच अडवली. पुढे ऑक्साइडं, सल्फाइडं, कोबाल्टचे सुटे अणू, मॅक्सीन (MXene) नावाची पातळ पदरी द्रव्यं, सगळं झालं. सगळ्यात स्वस्त आणि कामाचं निघालं ते लिथियम नायट्रेट. इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडंसं घातलं की लिथियमवर एक पापुद्रा धरतो आणि शटल बरंचसं वठणीवर येतं.

माझं म्हणणं असं, की गंधकाच्या बाजूवर पंधरा वर्षं घाम गाळून झाला, पण मोठ्या मापाचा सेल मरतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूने. लिथियम धातू इलेक्ट्रोलाइट खात जातो. इलेक्ट्रोलाइट संपलं की सेल संपला. कॉइन सेलमध्ये, म्हणजे नाण्याएवढ्या चाचणीच्या सेलमध्ये, हे दिसत नाही, कारण तिथे दोन्ही गोष्टी गरजेच्या कितीतरी पट भरलेल्या असतात. सायकलींचा आकडा समोर आला की मी आधी विचारतो: किती इलेक्ट्रोलाइटवर? किती लिथियमवर?

---

मांडवीकाठ (पणजी)

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पण मग त्या पंचवीस हजार सायकलींचं काय? तेही नेचरसारख्या विज्ञानपत्रिकेत छापलेलं. तो आकडा खोटा म्हणायचा?

---

चिमटेवाला

खोटा अजिबात नाही. २०२५ च्या जानेवारीतलं पेकिंग विद्यापीठाचं काम. आयोडीन असलेल्या काचेसारख्या घन इलेक्ट्रोलाइटवर २५,००० सायकली आणि शेवटी ८० टक्के क्षमता शिल्लक. द्रवच नाही, त्यामुळे विरघळायला जागा नाही, शटल नाही. काम दर्जेदार आहे, मी आमच्या ग्रुपमध्ये त्यावर बोललोही.

फक्त तो आकडा ५ सी वेगावरचा आहे, १२ मिनिटांत चार्ज, १२ मिनिटांत डिस्चार्ज. म्हणजे एक सायकल फार तर २४ मिनिटांची. स्कूटरला तीन वर्षं उन्हापावसात उभं राहायचं असतं, सायकलींमधला निवांत वेळही बॅटरीचं आयुष्य खातो. द्रव इलेक्ट्रोलाइटच्या सेलमध्ये तर वेगाने फिरवलं की पॉलिसल्फाइडांना पळायला वेळच कमी मिळतो, सायकलींचा आकडा आपोआप गोंडस दिसतो. याउलट १० तास डिस्चार्ज, १० तास चार्ज असं सावकाश चालवलं तर २०० सायकलींना ४००० तास, म्हणजे साडेपाच महिने लागतात. एवढा काळ चाचणी यंत्राचं एक चॅनेल अडवून कोण बसणार? त्यात आपल्याकडे वीज गेली की यूपीएसचा बीप ऐकत देवाचं नाव घ्यायचं.

घन सेलना आणखी एक अट असते. प्रयोगशाळेत त्यांना सहसा जबर दाबाखाली आवळून ठेवतात. तो दाब स्कूटरमध्ये द्यायचा तर शिकंजाच बॅटरीपेक्षा जड व्हायचा. आणि सल्फाइड जातीचं घन इलेक्ट्रोलाइट दमट हवेत हायड्रोजन सल्फाइड सोडतं. जुलैत फोंड्याला या आणि ते उघड्यावर ठेवून बघा!

---

सुशेगाद_नव्हे (म्हापसा)

सगळं वाचलं. थोडक्यात सांग रे, पुढच्या चवथीपर्यंत स्कूटर मिळते की नाही?

---

चिमटेवाला

नाही.

---

वेर्ण्याचा_पॅकवाला (वेर्णा)

पॅक जुळवणाऱ्याच्या नजरेतून दोन शब्द. धागाकर्ता किलोच्या हिशेबात बोलतोय, मी लिटरच्या. स्कूटरच्या सीटखाली जागा ठरलेली असते. गंधकाचे सेल हलके असतात पण फुगीर. कॅथोडमध्ये कार्बन आणि पोकळी भरपूर, म्हणून लिटरमागे ऊर्जा लिथियम-आयनपेक्षा कमीच भरते. दुचाकीला मला एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पुरतो. हजार-दोन हजार सायकली निमूट काढतो आणि उन्हात कुरकुरत नाही.

दुसरं, चार्जिंग थांबवायचं कधी? आमची बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, व्होल्टेज चढलं की चार्ज तोडते. शटल जोरात असलेल्या गंधकी सेलचं व्होल्टेज चढतच नाही. नवा सेल ठीक वागतो, नायट्रेट संपत आलं की एके दिवशी चार्जिंग संपायचं नावच घेत नाही. ग्राहकाला काय सांगायचं, रात्रभर लावून ठेवा?

---

चिमटेवाला

+१. याला अनंत चार्जिंग म्हणतात आणि नायट्रेट संपल्याची ती सगळ्यात सोपी खूण. नायट्रेट दोन वाटांनी संपतं. लिथियमवरचा पापुद्रा दर सायकलीला फाटतो आणि नव्याने धरताना नायट्रेट खर्ची पडतं, ही एक. दुसरी म्हणजे डिस्चार्ज फार खाली, १.६ व्होल्टच्या आसपास नेला की कॅथोडवरच ते तुटतं. म्हणून आम्ही १.७ किंवा १.८ ला थांबतो. थोडी क्षमता सोडून द्यायची, आयुष्य मिळवायचं. ही सवय फुकटची आहे, तरी कित्येक लेखांत ती पाळलेली दिसत नाही.

---

कुळागर (सत्तरी)

आम्ही आंब्याच्या भुरीवर पाण्यात मिसळणारा गंधक फवारतो, ८० टक्केवाला. तुम्ही वापरता तो हाच का? असेल तर तुमचा माल माझ्या शेडमध्ये पडलाय, हाहा. आणि तुमच्या लॅबला वास किती येतो ते सांगा. फवारणीच्या दिवशी घरचे मला जेवायला वेगळं बसवतात.

---

चिमटेवाला

कुळागर बाब, मूलद्रव्य तेच. तुमच्या पुडीत उरलेले २० टक्के म्हणजे पाण्यात मिसळावं म्हणून घातलेली द्रव्यं, ती आम्हाला नकोत. आमचा निव्वळ गंधक. त्याची पूड कार्बनच्या पुडीबरोबर खलायची, बंद भांड्यात घालून १५५ अंशांवर रात्रभर ठेवायची. १५५ च का, तर गंधक ११५ च्या पुढे वितळतो, पण त्याच्या आसपास सगळ्यात पातळ होतो आणि कार्बनच्या छिद्रांत झिरपतो. १६० ओलांडलं की उलट घट्ट व्हायला लागतो, कारण कडी फुटून लांबच लांब साखळ्या बनतात. भांडं उघडल्यावर पिवळा रंग गायब, सगळी पूड काळी. कुठे पिवळा ठिपका दिसला तर समजायचं की तेवढा गंधक बाहेर राहिला, आणि तोच पहिल्या काही सायकलींत पळणार.

वास गंधकाचा फारसा नाही. खरा वास मेलेला सेल ओलसर हवेत उघडला तर येतो. सडक्या अंड्याचा. तो नाकाला जाणवून मग जाणवेनासा झाला तर खुशाल बसू नये, बाहेर पळावं. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर करतो.

---

रसायनबाई (मडगाव)

धागा छान चाललाय, पण मूळ मुद्द्याला माझा आक्षेप आहे. "गंधकाची बाजू बरीचशी सुटली, आता लिथियम बघा" हे अर्धंच खरं. गंधकाची बाजू सुटली ती भरपूर इलेक्ट्रोलाइटमध्ये. तुम्हीच म्हणता तसं ते कमी करा, आणि बघा काय होतं. तेवढीच पॉलिसल्फाइडं थोड्या द्रवात विरघळली की द्रव पाकासारखा दाट होतो, आयनांची चाल मंदावते, चारच्या साखळीपासून पुढे सल्फाइड व्हायची पायरी अडते. डिस्चार्जच्या आलेखातला दुसरा पठारी भाग खाली सरकतो किंवा गायबच होतो. म्हणजे तुमची कसोटी, कमी इलेक्ट्रोलाइट, हाच कॅथोडचा रोग. ही पायरी पुढे ढकलणाऱ्या उत्प्रेरकांचं काम म्हणूनच वाया गेलेलं नाही.

दुसरं, तुम्ही इथरच्याच चौकटीत बोलताय. गंधकाला विरघळूच न देणारे कॅथोड विसरलात? पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाचं प्लास्टिक गंधकाबरोबर तीनशे अंशांच्या पुढे तापवून केलेला पदार्थ २००२ पासून माहीत आहे. त्यात गंधक छोट्या तुकड्यांत त्या काळ्या सांगाड्याला रासायनिक बंधाने जखडलेला असतो. विरघळत नाही, साध्या कार्बोनेट इलेक्ट्रोलाइटमध्ये चालतो, हजारभर सायकली काढतो. तो बनवताना मात्र खरा वास येतो, कुळागर भाऊ!

---

चिमटेवाला

बाई, पाकाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि म्हणूनच मला त्या प्रयोगांत रस नाही जिथे पाक होऊच शकत नाही. उत्प्रेरक घातला आणि गंधकाच्या मिलिग्रॅमला २० मायक्रोलिटर द्रवात सेल छान चालला, यातून उत्प्रेरकाबद्दल फार काही कळत नाही. ४ मायक्रोलिटरला चालवा, मग बोलू.

जखडलेल्या गंधकाचंही तसंच. आयुष्याच्या बाबतीत तो सगळ्यात भरवशाचा, मीही मानतो. पण त्यात गंधक वजनाने निम्म्याहून कमी आणि व्होल्टेज १.८ च्या आसपास. मूळ मोह ऊर्जेचा होता, त्यातला मोठा वाटा इथे सोडून द्यावा लागतो. स्वस्त आणि टिकाऊ हवी, वजनाची फिकीर नाही, अशा ठिकाणी तो शोभेल.

याच कुळातलं अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातलं २०२२ चं काम. विभा कालरा यांचा गट. कार्बनच्या नॅनोतंतूंवर गंधक एरवी न टिकणाऱ्या गॅमा स्फटिकरूपात राहिला आणि कार्बोनेटमध्ये ४००० सायकली चालला. एरवी पॉलिसल्फाइडं कार्बोनेटवर हल्ला करून सेल सुरुवातीलाच मारून टाकतात, त्यामुळे ते बघून सगळे चक्रावले होते.

---

मांडवीकाठ

हे मायक्रोलिटर-मिलिग्रॅम आमच्यासारख्यांना कळेल असं सांगाल का? मी बँकेत होतो, आकडे आवडतात, पण एकक बघून घाबरतो.

---

चिमटेवाला

चालेल, बँकवाल्यांना हा हिशेब पटेलच.

एक ग्रॅम गंधक धरा. व्यवहारात तो १००० मिलिअँपिअर-तास देतो, गुणिले २.१ व्होल्ट, म्हणजे २.१ वॉट-तास. ही जमा. आता खर्च वजनाचा. मिलिग्रॅमला २० मायक्रोलिटर म्हणजे आपल्या एका ग्रॅमला २० मिलिलिटर इलेक्ट्रोलाइट, वजन साधारण २२ ग्रॅम. २.१ भागिले २३. किलोमागे ९० वॉट-तास, तेही कार्बन, पत्रा, लिथियम, पाकीट काहीच न धरता. याहून जुना एलएफपी सेल बरा.

तेच द्रव ३ मिलिलिटरवर आणा. वजन सव्वातीन ग्रॅम. गंधक एक, लिथियम दुपटीने धरून एकाच्या आत, कार्बन, फॉइल, सेपरेटर, पाकीट मिळून दीड-दोन. सगळं सातच्या आत बसवलं तर किलोमागे ३०० च्या पुढे. सगळी मेख या एका ओळीत आहे. पण या ३ मिलिलिटरमधलंच लिथियम रोज थोडं थोडं पिणार, म्हणून हाच सेल शंभरच्या आसपास दम टाकतो आणि बातमीतला हजारो काढतो.

लिथियमचंही बघा. कॉइन सेलमधली नेहमीची चकती ४५० मायक्रॉन जाड, दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ९० मिलिअँपिअर-तास. समोर पातळ कॅथोड, मिलिग्रॅमभर गंधकाचा, त्याला लागतं एक. दहा जणांच्या पंगतीला नऊशे जणांचा भात शिजवायचा आणि मग सांगायचं, आमच्याकडे कधी कमी पडत नाही! दर सायकलीला एक टक्का लिथियम नासलं तरी ही चकती नऊ हजार सायकली पुरेल. तेच गरजेच्या दुप्पट लिथियम ठेवलं, तर वरचं एकपट शंभर सायकलींत संपतं.

---

जुना_वायरमन (डिचोली)

वाचतोय. वीज खात्यात आयुष्य गेलं, लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांची सेवा केली. तिथेही बॅटरी मरायची ती प्लेटवर सल्फेटचे कडक खडे बसून. बॅटरी अर्धवट डिस्चार्ज ठेवली की हमखास. मग आम्ही सावकाश जास्तीचा चार्ज देऊन काही खडे परत विरघळवत होतो. तुमच्या सल्फाइडला असा काही उतारा नाही का?

---

चिमटेवाला

काका, प्रश्न एकदम नेमका. काही प्रमाणात आहे. सल्फाइडचा जाड थर फोडायला चार्जिंगच्या सुरुवातीला जास्तीचं व्होल्टेज लागतं; एकदा थोडी पॉलिसल्फाइडं तयार झाली की ती स्वतःच बाकीच्या सल्फाइडला ओढून द्रवात घेतात. म्हणून अधूनमधून एक सायकल अगदी सावकाश चालवली की हरवलेली थोडी क्षमता परत दिसते. पण जो तुकडा कार्बनपासून सुटून सेपरेटरमध्ये किंवा लिथियमवर जाऊन बसला, त्याला वीजच पोचत नाही. तो गेला. तुमच्या बॅटरीत पाणी कमी झालं की डिस्टिल्ड वॉटर ओतता येत होतं. आमचा सेल हवाबंद, वरून इलेक्ट्रोलाइट घालायची सोय नाही.

मेलेला सेल उघडून बघितल्याशिवाय हे पटत नाही. आर्गॉनच्या पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून, छोट्या पक्कडीने कॉइन सेलची कड उलगडायची. आत घातलं होतं चकचकीत लिथियम. निघतं करडं-काळं, शेवाळासारखं भुसभुशीत, चिमटा लावला की पापुद्रे सुटतात. सेपरेटर पांढरा होता तो पिवळट-तपकिरी. पातळ कॅथोडच्या सेलमध्ये अजून ओल असते. पण जाड कॅथोड आणि मोजकं इलेक्ट्रोलाइट असलेला उघडला तर सेपरेटर कोरडा, कागदासारखा खडखडीत, लिथियमला चिकटलेला. कॅथोडला मात्र बऱ्याचदा फारसं काही झालेलं नसतं! तोच कॅथोड काढून नव्या लिथियमसमोर, ताज्या इलेक्ट्रोलाइटमध्ये लावला की पुन्हा चालतो. माझं मत या एका प्रयोगाने बनलंय. पुनर्जोडणीचा हा प्रयोग प्रत्येक लेखात सक्तीचा करायला हवा.

---

रसायनबाई

पुनर्जोडणीचा मुद्दा पटला. "बऱ्याचदा" हा शब्दही लक्षात ठेवते. जाड कॅथोडला भेगा पडलेल्या मीही पाहिल्या आहेत. तिथे बाइंडरचा, म्हणजे कणांना धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याचा, प्रश्न येतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने २०२० मध्ये कणांना सगळीकडून न लिंपता, फक्त पुलासारखं जोडणारं बाइंडर दाखवलं, म्हणजे फुगायला जागा राहते. पुढच्या वर्षी त्याच लोकांनी बाइंडरमध्ये ग्लुकोज घातलं, १००० सायकली काढल्या. साखर पॉलिसल्फाइडांना धरून ठेवते. ही कल्पना त्यांना १९८८ च्या एका भूरसायनशास्त्रातल्या निरीक्षणावरून सुचली होती. पाण्यात कालवता येतं, विषारी द्रावक नको. मला हे फार आवडलं.

---

सुशेगाद_नव्हे

साखर? मग धारबांदोड्याचा संजीवनी कारखाना पुन्हा सुरू करा! आमदारांना कुणीतरी हा धागा पाठवा.

---

घिरट्या (वाळपई)

माझा प्रश्न वेगळा. मी ड्रोनने सर्वेक्षणाची कामं करतो. खाजन जमिनी, बांध, मानशी. अर्ध्या तासात खाली उतरावं लागतं. मला हजार सायकली नकोतच. दोनशे उड्डाणं मिळाली आणि प्रत्येक उड्डाण दीडपट झालं तरी मी पैसे मोजेन. असा सेल ड्रोनला का लावत नाहीत?

---

चिमटेवाला

लावलाय, पण तुमच्यासारख्या ड्रोनला नाही. २०१० मध्ये झेफर नावाचं सौर विमान अ‍ॅरिझोनावर सलग १४ दिवस उडालं. दिवसा सूर्यावर, रात्री सायन पॉवर कंपनीच्या लिथियम-गंधक सेलवर. दिवसाला एकच सायकल, तीही सावकाश, आणि वजनाचा प्रत्येक ग्रॅम मोलाचा. या बॅटरीला याहून अनुकूल काम सापडणार नाही. २०२० मध्ये एलजीनेही अशाच उंचावरच्या विमानात आपले गंधकी सेल उडवून पाहिले. आणि तरी, २०२२ मध्ये ६४ दिवस उडालेल्या झेफरमध्ये सिलिकॉन अ‍ॅनोडचे लिथियम-आयन सेल होते. सायन पॉवर स्वतः गंधक सोडून लिथियम धातू आणि निकेलच्या कॅथोडकडे वळली. ब्रिटनची ऑक्सिस एनर्जी, जिच्या सेलची हवाई क्षेत्रात चर्चा होती, ती २०२१ च्या मे महिन्यात दिवाळ्यात गेली. अनुकूल कामही हातातून निसटलं ते आयुष्यापायी, असं मला वाटतं.

तुमच्या चार पंख्यांच्या ड्रोनला उड्डाण करताना एकदम मोठा प्रवाह लागतो. मोजक्या इलेक्ट्रोलाइटच्या गंधकी सेलला तो झेपत नाही. बाईंनी सांगितलेला पाक तिथेच नडतो. स्थिर पंखांचं ड्रोन असेल, एकदा हाताने फेकून तासन्तास तरंगणारं, तर विचार करावा. आणि मग चार्ज करून चार दिवस ठेवायचा नाही. शटल उभ्या सेलमध्येही चालू असतं, बॅटरी आपणहून उतरते. आपल्या मे महिन्यात तर जास्तच.

---

वेर्ण्याचा_पॅकवाला

आगीचं राहिलं. गंधक आहे म्हणून सुरक्षित, असा एक समज फिरतो. कॅथोडमधून ऑक्सिजन सुटत नाही हे खरं. पण आत लिथियम धातू आहे आणि इथर द्रावकं सहज पेट घेणारी. आमच्याकडे कुणी नमुना आणला तर मी तरी वाळूच्या बादलीजवळच उघडेन.

---

चिमटेवाला

बरोबर. आणि बादलीतली वाळू कोरडी हवी.

---

एमएस्सी_दुसरं_वर्ष (ताळगाव)

सर, नमस्कार. बरेच दिवस फक्त वाचत होते, पहिलाच प्रतिसाद. माझा प्रकल्प याच विषयावर ठरतोय. नारळाच्या करवंटीपासून कार्बन करून त्यात गंधक भरायचा, असं डोक्यात आहे. गाइड म्हणतात, यात नवीन काय? तुमचं मत?

---

चिमटेवाला

सर नको, दादा चालेल. गाइडचं बरोबर आहे. करवंटी, भाताचा तूस, केळीची साल, सगळ्यांचा कार्बन करून त्यात गंधक भरून झालाय. कार्बन म्हणून नवीन काही नाही. पण करवंटीचा कार्बन चांगला असतो, स्वस्तात आणि घरबसल्या मिळतो, म्हणून घ्यायला हरकत नाही. नवीन करायचं ते मोजण्यात करा.

एकच कार्बन, एकच गंधक. काही सेल नेहमीच्या पद्धतीने, पातळ कॅथोड, ४०-५० मायक्रोलिटर द्रव, जाड चकती. काही सेल ५ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरचा कॅथोड, मिलिग्रॅमला ५ मायक्रोलिटर, आणि पातळ लिथियम फॉइल मिळालं तर तेच. दोन्ही जातींचे सेल मरेपर्यंत चालवा, सगळे उघडा, फोटो काढा, कॅथोड नव्या लिथियमसमोर लावून परत चालवा. दुसऱ्या जातीचे लवकर मरतील, आलेख कुरूप दिसतील. ते घाबरून प्रबंधातून काढून टाकू नका, तेच खरं फळ.

व्यवहाराचं: पोटॅशियम हायड्रॉक्साइडने छिद्रं पाडलीत तर नंतर आम्लाने आणि मग पाण्याने धुवा, धुण्याचं पाणी उदासीन येईपर्यंत. कंटाळून आधी थांबलात तर राहिलेला अल्कली पुढे गंधकालाच खाईल. कॅथोड ६० अंशांच्या वर वाळवू नका, व्हॅक्यूममध्ये गंधक उडून जातो आणि तुमची क्षमतेची सगळी गणितं चुकतात. वाळवल्यावर परत वजन करा. आणि शक्य असेल तर सेल जोडण्याचं काम पावसाआधी उरका. जूनपासून करवंटीचा कार्बन हवेतली ओल अशी ओढतो की ग्लोव्हबॉक्सच्या दारातल्या चेंबरमध्ये रात्रभर ठेवूनही पुरत नाही.

---

एमएस्सी_दुसरं_वर्ष

खूप आभार दादा. पातळ फॉइल विभागाकडे नाही, मागवायला सांगते. गाइडना हा धागा दाखवला तर चालेल ना?

---

चिमटेवाला

चालेल. फक्त माझे गाइड कोण ते ओळखायचा प्रयत्न करू नका म्हणावं.

---

कुळागर

करवंट्या विकत घेऊ नकोस बाय. इथे शेडमागे ढीग आहे, खोबरं वाळवून झालं की जाळतोच आम्ही. वाळपईला कुणी येणार असेल तर पोतं भरून ठेवतो.

---

घिरट्या

मी शनिवारी ताळगावला येतोय, गाडीत जागा आहे. कुळागर बाब, व्यनित पत्ता टाका.